हात ‘उठला’ म्हणजे कुणी उचलला?

आमच्या वाचनगटात एकदा एक विनोद झाला आणि मी हसलो. कादंबरीतला नवरा रोज संध्याकाळी बायकोचा फोन मागून घ्यायचा, दिवसभरात कुणाकुणाशी बोलणं झालं ते बघायचा आणि मग तो फोन तिच्या हातात न देता टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवायचा. ती उठून घ्यायची. जवळजवळ दोनशे पानं हेच चाललेलं. आमच्यातल्या एकानं पुस्तक मिटलं आणि म्हणाला, “एवढं सगळं चालवून घेते, म्हणजे बाईसाहेबांनाही त्यात काहीतरी गोड लागत असणार!” वाक्याची फेक चांगली होती. आम्ही नऊ जण होतो. सहा जण हसले, त्यांत मी. मग भाषांतर जड झालंय की मूळच तसं आहे, यावर पाऊण तास गेला.

त्या दिवशी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलेली बाई पुढच्या महिन्यात आली नाही. तशी ती कमीच बोलायची, त्यामुळे ती येत नाही हे लक्षात यायलाच आम्हाला दोन महिने लागले. सव्वा वर्षानं ती परत आली. तोवर ती वेगळी राहू लागली होती. बैठक संपल्यावर खुर्च्या एकावर एक रचताना ती मला म्हणाली, “त्या दिवशी कोण हसलं आणि कोण नाही, ते मी मोजत होते. दोघी हसल्या नव्हत्या. मग त्यांतल्या एकीला मी फोन केला.” आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या कामाचा हिशेब सांगावा तसं सांगितलं तिनं. (हे तिला विचारून लिहितो आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

कौटुंबिक हिंसाचारावर लोकांनी बोलावं म्हणून वाचनगटांचा उपयोग करावा, अशी सूचना अधूनमधून पुढे येते. मला ती पटते. पण ज्या कारणासाठी ती केली जाते, ते कारण मला पटत नाही. ‘पुस्तकाच्या निमित्तानं बायका बोलत्या होतील’ असं ते कारण. बोलतं करणं हा शब्दच मला खटकतो. पोलीस संशयिताला बोलतं करतात, मुलाखतकार पाहुण्याला बोलतं करतो. जिच्या घरात शब्दाशब्दावर पाळत आहे तिला बोलतं करायला आपण कोण? आणि ती बोलली, तर ऐकणाऱ्याची काय तयारी आहे? माझी तर त्या दिवशी हसण्याइतकीच होती.

माझं म्हणणं उलटं आहे. वाचनगटाचा खरा उपयोग सोसणाऱ्या माणसाला बोलतं करण्यासाठी नाही. आसपासची माणसं कशी आहेत हे स्वतःबद्दल एक अक्षरही न सांगता पारखून बघता यावं, ही सोय तिथं होते. आणि त्याहून मोठा उपयोग बाकीच्यांना आहे. पात्राबद्दल आपण जे सहज बोलून जातो, ते त्याच खोलीतल्या कुणाला तरी स्वतःबद्दलचा निकाल म्हणून ऐकू येत असतं, हे तिथं शिकता येतं.

‘त्याच खोलीतल्या कुणाला तरी’ हे मी अलंकारिक म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, जोडीदाराबरोबर राहिलेल्या किंवा राहत असलेल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के जणींनी आयुष्यात कधी ना कधी त्या जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. धाक, पाळत, पैशांची कोंडी हे यात धरलेलंच नाही. सरासरी प्रत्येक गटाला जशीच्या तशी लागू पडत नाही हे खरं. तरी बारा बायकांच्या गटात ‘आपल्यात असं कुणी नाही’ असं धरून चालणं म्हणजे गणिताकडे पाठ फिरवणं आहे. पुरुषांवरही घरात हिंसा होते, त्यांना ती सांगायची वेगळीच लाज असते. आकड्यांचा भार मात्र स्त्रियांच्या बाजूला आहे, म्हणून मी ‘ती’ म्हणत जाईन.

दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मांडलेल्या माहितीप्रमाणे, ज्या देशांची आकडेवारी उपलब्ध आहे त्यांतल्या बहुतेक देशांत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून कमी स्त्रिया कुठल्याही प्रकारची मदत मागतात. ज्या मागतात त्या बहुतेक करून घरच्यांकडे नाहीतर मैत्रिणींकडे जातात. मदत मागणाऱ्यांपैकी पोलिसांकडे जाणाऱ्या दहा टक्केही नसतात. म्हणजे कायदा, न्यायालय, समुपदेशक हे सगळे दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरचे. पहिली पायरी तुम्ही-आम्ही. आणि या पायरीवरच्या माणसांचं कसलंच शिक्षण झालेलं नसतं. ‘दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय काय बोलणार’, ‘मुलांकडे बघ’, ‘तो तसा वाईट नाही गं’ ही तीन वाक्यं आपण पिढीजात पाठ केलेली. पहिल्यांदा सांगायला आलेल्या बाईला यांपैकी एक जरी ऐकायला मिळालं, तर दुसऱ्यांदा सांगायला ती किती वर्षांनी येईल, कोण जाणे.

मग या पहिल्या पायरीवरच्यांना तयार कसं करायचं? व्याख्यानं आहेत, पत्रकं आहेत, भित्तिचित्रं आहेत. त्यांना मी नावं ठेवत नाही, पण ती ऐकताना माणूस आपोआप योग्य बाजूला जाऊन बसतो. ‘कौटुंबिक हिंसाचार वाईट आहे का?’ या प्रश्नाला कोण नाही म्हणेल? तेच नेमक्या प्रसंगावर विचारा. भारताच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असंच विचारलं होतं. बायको न सांगता बाहेर गेली, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष केलं, वाद घातला, शरीरसंबंधाला नाही म्हणाली, स्वयंपाक नीट केला नाही, तिच्या वागण्याचा संशय आला, सासरच्यांचा मान ठेवला नाही, अशी सात कारणं. यांतल्या किमान एका कारणासाठी नवऱ्यानं मारलं तर ते योग्य, असं म्हणणाऱ्या स्त्रिया ४५ टक्के निघाल्या आणि पुरुष ४४ टक्के. स्त्रिया पुरुषांहून कमी नाहीत, हे लक्षात घ्यावं. तत्त्व सगळ्यांनाच मान्य असतं. खरा निकाल तपशिलात लागतो, आणि कादंबरी म्हणजे दुसरं काय असतं? तपशीलच.

वाचनगटात माणसं सावध नसतात. समोर पुस्तक असतं, पुस्तकात ‘ती’ असते, आणि ‘ती’ काही ऐकत नसते. मग मनातलं भराभर बाहेर येतं: हिनं आधीच ओळखायला हवं होतं, हिचंही तोंड काही कमी नाही, शिकलेली असून अशी कशी? तृतीय पुरुषाची ही गंमत आहे. ज्याला स्वतःबद्दल बोलायचं नाही, त्याला तो आडोसा देतो, आणि ज्याला आपण न्यायी आहोत असं वाटतं, त्याचा आडोसा काढून घेतो. गप्प बसलेली बाई या दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष ठेवून असते. मोजत असते.

गप्पांच्या जागेतून पुढचं काम उभं राहिल्याची उदाहरणं इतिहासात आहेत. लंडनमध्ये चिझिक इथं १९७१ मध्ये स्त्रियांसाठी एक केंद्र सुरू झालं ते मुळात एकत्र जमण्यासाठी, मुलांना घेऊन बसण्यासाठी. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बायका तिथं थांबू लागल्या आणि पाहता पाहता ते आसरागृह झालं. मारहाण झालेल्या स्त्रियांसाठीच्या आधुनिक आसरागृहांपैकी ते सुरुवातीचं मानलं जातं. अमेरिकेत डुलुथ शहरात १९८४ मध्ये एक चक्र काढलं गेलं, आजही जगभरच्या प्रशिक्षणांत ते दाखवतात. मधोमध ‘सत्ता आणि नियंत्रण’, आणि भोवती आठ आरे: धमक्या, धाक, मानसिक खच्चीकरण, एकटं पाडणं, ‘काही झालंच नाही’ किंवा ‘तुझ्यामुळेच झालं’ असं म्हणणं, मुलांचा वापर, पुरुष असल्याचा हक्क गाजवणं, पैशांची अडवणूक. हे चक्र तज्ज्ञांनी एकट्यानं बसून कागदावर मांडलेलं नव्हतं. गटात बसून बोलणाऱ्या, मार सोसलेल्या बायकांच्या अनुभवांतून ते उतरलं. अनेक जणींनी आपापलं सांगितलं तेव्हा कळलं की नवरे वेगवेगळे असले तरी रीत एकच आहे. हे एकटीला घरात बसून कधीच कळत नाही. तिला वाटतं, आपलाच माणूस असा.

आता भाषेकडे येतो, कारण वाचनगटाचं खरं बळ तिथं आहे.

‘कौटुंबिक हिंसाचार’ हा शब्द वर्तमानपत्राचा आहे. स्वतःच्या घराबद्दल बोलताना तो कुणी वापरत नाही. ‘माझ्यावर कौटुंबिक हिंसाचार होतो’ असं वाक्य मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. लोक म्हणतात: आमचं जरा वाजलं. त्यांचा स्वभाव तापट आहे. परवा जरा जास्तच झालं. आणि सर्वांत प्रचलित वाक्य म्हणजे ‘त्याचा हात उठला’. हे वाक्य जरा निरखून बघा. हात उठला. जणू पक्षी उठला, वारा सुटला. त्या हाताचा मालक वाक्यात षष्ठीपुरता उरला, कर्ता झाला हात. ‘राग अनावर झाला’ यात तर माणूस मुळीच नाही. उलट ‘तिनं मार खाल्ला’ म्हणताना कर्ता कोण? ती. जणू तिनं मागून घेऊन खाल्ला. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ ही म्हण किती नेमकी आहे! तोंड दाबणं आणि बुक्के मारणं ही एकाच कामाची दोन अंगं आहेत हे तिला ठाऊक आहे. पण त्या म्हणीतही तोंड कुणी दाबलं ते नाहीच.

हे व्याकरण व्याख्यानातून शिकवता येत नाही. पुस्तक हातात असलं की मात्र ते आपसूक पुढ्यात येतं. आम्ही एकदा एका कथेतलं एकच वाक्य घेऊन बसलो होतो. कथेत सासू शेजारणीला सांगते, “काल याचा हात उठला जरा.” एक जण म्हणाली, याऐवजी ‘यानं तिला मारलं’ असं म्हणून बघू. मोठ्यानं वाचलं. खोलीत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग आमच्यातले एक निवृत्त गृहस्थ, जे नेहमी लेखकाची बाजू लावून धरतात, म्हणाले, “पण लेखिकेनं तसं लिहिलेलं नाही ना.” अगदी बरोबर होतं ते. लिहिलेलं नाही, कारण ते सासूच्या तोंडचं वाक्य आहे आणि सासूला मुलगा वाक्यातून काढून घ्यायचा आहे. तिथून पुढचा तास त्या ‘जरा’वर गेला. जरा म्हणजे किती? ‘जरा’ शेजारणीसाठी आहे की सासूच्या स्वतःच्या समाधानासाठी? शेजारीण काय म्हणाली? कथेत ती फक्त ‘हं’ म्हणते. त्या ‘हं’बद्दल आमच्यात एकमत झालं नाही, अजूनही नाही. हिंसाचार हा शब्द त्या बैठकीत एकदाही उच्चारला गेला नाही, आणि माझ्या मते त्या विषयावरची आमची ती सर्वांत चांगली चर्चा होती. साहित्य म्हणूनही चांगली होती. हे दोन्ही एकदम होतं, यावरच माझा सगळा भरवसा आहे.

याउलट हा शब्द दारावर टांगून बैठक बोलावली की काय होतं? ‘या महिन्याचा विषय: कौटुंबिक हिंसाचार’. जिच्या घरी हे चालू आहे ती नेमकी येणार नाही. आली तर घरी काय सांगून येईल? आणि पुस्तक? त्याच्या मुखपृष्ठावर सुजलेला डोळा असेल तर ते ती कुठं ठेवेल? फोनवरच्या गटात ‘उद्याची चर्चा छळाबद्दल’ असा निरोप पडला, आणि तो फोन संध्याकाळी दुसराच कुणी वाचतो हे आपल्याला ठाऊक नसलं, तर? चांगल्या हेतूनं केलेल्या गोष्टी अशा ठिकाणी अंगावर येतात, आपल्या नव्हे, तिच्या. म्हणून घोषणा नको, मोहीम नको. वर्षाला दहा-बारा पुस्तकं वाचली जातात, त्यांत दोन-तीन अशी असावीत की ज्यांत घर आहे आणि घरातली सत्ता आहे. एवढंच.

कुठली असावीत? इथं माझी मतं जरा टोकाची आहेत. पहिल्या पानापासून नवरा राक्षस दिसतो अशी पुस्तकं या कामाला निरुपयोगी. ती वाचून सगळे सुखानं संतापतात आणि ‘आमच्याकडे असला माणूस नाही’ म्हणत घरी जातात. ज्यात शेवटी ती बॅग उचलते, दार ओढते आणि पहाट होते, तीही मला नकोत. बाहेर पडण्याचा काळ हाच बहुतेकदा सर्वांत धोक्याचा असतो, असं या क्षेत्रात काम करणारे पुन्हा पुन्हा सांगतात. ताबा सुटतोय हे लक्षात आल्यावर ताबा ठेवणारा बिथरतो. ‘एवढी वर्षं का राहिली?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. दाराबाहेर पहाट दाखवणारी कादंबरी हे उत्तर खोडून टाकते.

मला आठवते ती इंग्लिश लेखिका अॅन ब्राँटीची १८४८ मधली कादंबरी ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’. एक तरुण बाई लहान मुलाला घेऊन एका पडक्या वाड्यात राहायला येते. नाव खोटं, पोट चित्रं विकून भरते. गाव आधी कुतूहलानं आणि मग कुचकटपणे तिच्याबद्दल बोलू लागतं. ती दारुड्या, उधळ्या, बाहेरख्याली नवऱ्याच्या घरातून मुलाला वाचवण्यासाठी निसटून आली आहे, हे कळतं ते तिनं एकाला वाचायला दिलेल्या रोजनिशीतून. आधी गावाच्या कुचाळक्या आणि मग रोजनिशी, हा क्रम मला या पुस्तकातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. वाचक स्वतः शंभरेक पानं गावाच्या बाजूला बसलेला असतो. नवरा तिची रोजनिशी वाचतो आणि तिचं चित्रकलेचं सामान जाळून टाकतो, म्हणजे ती ज्याच्या बळावर पळणार होती तेच. पैशांची अडवणूक म्हणजे काय, हे डुलुथच्या चक्रात एका आऱ्यावर लिहिलं आहे. ते इथं आगीत जळताना दिसतं. गटात भांडण व्हावं असंही पुष्कळ आहे. लग्नाआधी तिला सावध केलं होतं, तरी तिनं केलं. आणि शेवटी आजारी नवऱ्याची शुश्रूषा करायला ती परत जाते. का गेली? या ‘का’वर एक अख्खी संध्याकाळ जाऊ शकते, जायला हवी.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये विवाहितेला स्वतःच्या नावावर कमाई ठेवण्याचा हक्क नव्हता. चित्रं विकून आलेले पैसे कायद्यानं त्या नवऱ्याचेच होते. तिथला विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा मोठा कायदा आला १८८२ मध्ये. पण मला त्याहून बोचते ती पुस्तकाचीच कथा. टीकाकारांनी ते असभ्य ठरवलं. १८४९ मध्ये अॅन वारली, आणि दुसऱ्याच वर्षी पुनर्मुद्रणाचा विषय निघाला तेव्हा तिची सख्खी, थोर लेखिका असलेली बहीण शार्लट हिनं हे पुस्तक जपून ठेवण्यासारखं वाटत नाही असं कळवलं. तिचा हेतू वाईट नसावा, धाकट्या बहिणीचं नाव तिला राखायचं होतं. घरची गोष्ट घरात ठेवणारे बहुतेक जण नाव राखण्यासाठीच ठेवतात. झाकली मूठ.

कायदा हळूहळू कादंबरीच्या मागून येतो आहे, हे मात्र मान्य करायला हवं. भारतातला २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा शारीरिक छळाबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाचारात धरतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्यानं जोडीदारावर सततचा धाक आणि नियंत्रण ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरला, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्कॉटलंडचा कायदा २०१८ चा. हाताची खूण अंगावर नसली तरी गुन्हा असू शकतो, हे कायद्याला कळायला इतकी वर्षं लागली. मराठीत त्यासाठी एक जुना, अचूक शब्द आहे: जाच. छळात एखादा प्रसंग दाखवता येतो, जाच मात्र रोजचा असतो आणि दाखवू गेलं तर हातात काही येत नाही. फोन टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवला, हा काय पुरावा झाला? त्यासाठी दोनशे पानं लागतात. दोनशे पानं ऐकून घ्यायला पोलीस ठाण्यात कुणाला वेळ नसतो, वाचनगटाकडे तेवढा वेळच वेळ असतो.

चालवण्याबद्दल थोडंसं. ‘तुमच्या बाबतीत असं कधी झालंय?’ हा प्रश्न कधीही विचारू नये, अगदी प्रेमानंसुद्धा. पुस्तकाचा आडोसा आपण दिलेला आहे, तो आपणच ओढून काढायचा नाही. जोडपी येत असतील तर जास्तच जपावं. शेजारच्या खुर्चीत जो बसला आहे त्याच्यासमोर ती कुठल्या पात्राची बाजू घेते, याचा हिशेब घरी होऊ शकतो. आणि कुणी आपणहून स्वतःचं सांगितलं, तर? तर पुस्तक बाजूला ठेवायचं आणि ऐकायचं. ‘मग तू काय केलंस?’ असं विचारायचं नाही, कारण त्याचा अर्थ ‘काहीच कसं केलं नाहीस?’ असा ऐकू जातो. ‘सोडून दे त्याला’ असा हुकूम सोडायचा नाही. हुकूम सोडणारं एक माणूस तिच्या घरी आहेच. तू सांगितलंस ते मला खरं वाटतं, यात तुझी चूक नाही, तुला आत्ता काय हवं आहे, एवढं पुरतं. गट चालवणाऱ्याजवळ मदतवाहिनीचा आणि जवळच्या जाणकार संस्थेचा क्रमांक असावा, आणि तो क्रमांक सगळ्यांच्या देखत तिच्या हातात कोंबण्याइतकं अडाणी त्यानं नसावं. पुस्तकांच्या यादीच्या तळाशी इतर चार क्रमांकांबरोबर तो कायमचा छापलेला असला तर कुणीच कुणाकडे बघत नाही.

आक्षेप आहेत, आणि सगळे फोल नाहीत. ज्यांना वाचायला वेळ आहे, बाहेर पडायची मुभा आहे अशांचाच वाचनगट असतो, सर्वांत जास्त कोंडलेली बाई तिथं पोचतच नाही, हा आक्षेप खरा आहे. त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण तिची बहीण, तिच्या मुलाची शिक्षिका, तिच्या कचेरीतला सहकारी तिथं असू शकतो, आणि ती पहिल्यांदा सांगेल ते यांच्यापैकीच कुणाला तरी. शिवाय सुशिक्षित, वेळ असलेल्या घरांत हे नसतं, ही नुसती समजूत आहे. वाचणाऱ्या घरांत जाच होतो, फक्त वाक्यरचना चांगली असते.

दुसरा आक्षेप साहित्यप्रेमींचा. यानं कादंबरीचं पत्रक होईल, म्हणतात. होतं, मी पाहिलं आहे. शेवटी ‘या पुस्तकातून आपण काय शिकलो’ असा फळ्यावर रकाना आखला की कादंबरी मेलीच. म्हणूनच मी सासूच्या ‘जरा’वर घालवलेल्या तासाचं एवढं कौतुक सांगितलं. बारकाईनं वाचणं हाच इथं उपाय आहे, त्याच्यावरून उडी मारून थेट समाजकार्यात उतरायचं नाही. तिसरा आक्षेप, हौशी माणसांनी जखमेत बोट घालू नये. मान्य. पण हौशी माणसं हसतात, ‘दोन्ही बाजू’ म्हणतात, मान डोलावतात. म्हणजे त्यांचं बोट आधीच जखमेत आहे. तज्ज्ञ येईपर्यंत ते निदान हलवू नये.

पुरुष असावेत का? असावेतच. फक्त बायकांच्या गटात जे मोकळेपण येतं त्याची किंमत मला कळते, आणि तसे गट वेगळे असावेत. पण हसणाऱ्या सहा जणांत चार पुरुष होतो आम्ही. आम्हाला कुणी, कुठं सांगायचं?

परवाच्या बैठकीत एक नवा मुलगा आला होता, पंचविशीतला, भरपूर वाचलेला. पुस्तक वेगळं, प्रसंग जवळपास तोच. त्यानं तोच विनोद केला, थोड्या वेगळ्या शब्दांत, फेक उत्तम. कुणी हसलं नाही. त्याला रागावलंही नाही कुणी. तो जरा थांबला, पानं चाळल्यासारखं केलं. खिडकीजवळच्या खुर्चीवरून ती म्हणाली, “कुठलं पान म्हणालास? वाच ना परत, मोठ्यानं.” त्यानं पान शोधलं आणि वाचायला लागला.